चेरीचीं कपाटें आणि पाण्याचें रोगण

रोगणाचा विषय सुतारानें बोलावा, शिक्षकानें नव्हे, असें कोणास वाटल्यास तें योग्यच आहे. परंतु आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें-नातवंडें आज अमेरिकेंत आहेत. तेथें कारागिराची मजुरी इतकी महाग कीं, घरचीं पुष्कळ कामें घरच्यांनींच करावयाचीं असतात. पेनसिल्व्हेनियांत राहणाऱ्या माझ्या मुलीनें स्वयंपाकघरासाठीं चेरीच्या लांकडाचीं कोरीं कपाटें घेतलीं, आणि त्यांना कोणतें रोगण द्यावें हा प्रश्न उभा राहिला. त्या निमित्तानें जें समजलें, तें आज सांगणार आहें.

चेरी हा त्याच प्रांताचा वृक्ष. तेथील ॲलेघेनी पठारावरचीं जंगलें या लांकडासाठीं प्रसिद्ध आहेत. नुकताच रंधा मारलेलें चेरीचें लांकूड फिकट गुलाबी-तपकिरी दिसतें. पुढें उजेडानें तें हळूहळू गडद होतें व कांहीं महिन्यांत त्यास सुंदर तांबूस छटा येते. हें काम कोणी रंगारी करीत नाहीं, प्रकाश करतो. प्रारंभीं कपाटास टेकून एखादें ताट फार दिवस उभें ठेवलें, तर त्याच्यामागें फिकट वर्तुळ राहतें, तें याच कारणानें.

माझी चूक येथेंच झाली. माझ्या डोळ्यांना संवय सागवानाची. तें फिकें लांकूड पाहून, “आधीं तांबडा रंग द्या, मग रोगण,” असा सल्ला मीं दिला. मुलगी म्हणाली, “बाबा, आधीं उरलेल्या तुकड्यावर पाहूं.” पाहिलें, तों रंग कोठें कमी, कोठें अधिक शोषला जाऊन तुकड्यावर काळपट डाग उमटले. चेरीचें लांकूड रंग सर्वत्र सारखा पीत नाहीं. हाच रंग कपाटांवर गेला असता, तर तो घांसून काढण्यावांचून गत्यंतर नव्हतें. आणि बाजूंवर चिकटविलेला चेरीचा पातळ पापुद्रा त्या घांसण्यांतच निघून गेला असता.

आतां रोगणाकडे वळूं. तेलाचें रोगण लांकडास मधासारखी झांक देतें. परंतु त्याचा दर्प घरांत फार काळ राहतो, आणि कालांतरानें तें अधिकाधिक पिवळें पडतें. पाण्याच्या रोगणांत ॲक्रिलिक व पॉलियुरेथेन या द्रव्यांचे सूक्ष्म कण पाण्यांत तरंगत असतात. म्हणून डब्यांत तें दुधासारखें दिसतें. पाणी उडून गेलें म्हणजे सोबतचा थोडासा द्रावक त्या कणांना मऊ करतो, ते एकमेकांत मिसळतात, आणि पारदर्शक थर तयार होतो. दर्प थोडा, वाळणें जलद, आणि ब्रश साध्या पाण्यानें धुतां येतो. निवड करतांना पॉलियुरेथेन असलेलें, आणि पाणी, तेलकटपणा व साबण सोसतें असें डब्यावर लिहिलेलें रोगण घ्यावें. फार चकाकीचें घेऊं नये. त्यावर बोटांचे ठसे व ओरखडे उठून दिसतात.

या रोगणाचा दोष एकच. त्याखालीं चेरीचें तेज खुलत नाहीं. लांकूड कोरडें, निर्जीव भासतें. त्यावरचा उपाय आपल्या देशांतलाच आहे. पळस, बोर व कुसुम या झाडांवर लाखेचे किडे पोसले जातात. झारखंड हा त्या लाखेचा मोठा प्रदेश, आणि रांचीजवळ नामकूम येथें लाखेच्या संशोधनासाठीं १९२४ सालीं संस्था स्थापन झाली. ही लाख स्पिरिटमध्यें विरघळवून तिचा एक पातळ हात आधीं दिला, कीं चेरीस सोनेरी झळाळी येते. परंतु लाखेंत मूळचें मेण असतें आणि मेणावर पाण्याचें रोगण नीट धरत नाहीं. म्हणून मेण काढलेलीच लाख घ्यावी. एकटी लाख मात्र स्वयंपाकघरांत टिकत नाहीं. सोड्याचें पाणी, स्पिरिट आणि उष्णता हे तिचे वैरी. तेव्हां लाखेचें अस्तर, आणि वर पाण्याच्या रोगणाचा अंगरखा, अशी ही जोडी.

लाखेचा हात न दिल्यास पाणी लागतांच लांकडाचे तंतू उभे राहतात. अशा वेळीं ओल्या फडक्यानें लांकूड आधींच पुसावें, वाळूं द्यावें, आणि बारीक पॉलिश-पेपर हलकेच फिरवावा. पोलादी तारांचा चोथा कदापि वापरूं नये. त्याचे कण रोगणाखालीं गंजतात. रोगण ढवळावें, हलवूं नये, नाहींतर बुडबुडे येतात. कृत्रिम तंतूंच्या ब्रशानें तीन पातळ हात द्यावे. मोरीजवळच्या दारांना, विशेषतः त्यांच्या खालच्या कडांना, एक अधिक. रोगण एका दिवसांत वाळलेलें दिसलें, तरी पुरतें कठीण होण्यास तीन-चार आठवडे लागतात. तोंवर ओलें फडकें जपून फिरवावें.

मुलीनें तसेंच केलें. गेल्या वर्षीं जो तांबडा रंग मी डब्यांतून मागत होतों, तो आज त्या कपाटांवर आपोआप आला आहे. डागाळलेला तुकडा मीं मागून घेतला. तो माझ्या टेबलावर आहे, आणि सल्ला देण्याची घाई झाली म्हणजे मी त्याकडे पाहतों.