भिंतीवरचा फॅन हीटर : आधी वायर तपासा, मग हीटर बसवा

थंडीच्या दिवसांत नाशिक, मालेगाव, धुळे या पट्ट्यात रात्रीचा पारा बराच खाली उतरतो. निफाडला तर काही वर्षी तो ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. अशा दिवसांत सकाळचे दोन-तीन तास कारागिराचे हात कामाला लागत नाहीत. सुईत दोरा ओवणे, घड्याळाचा बारीक स्क्रू फिरवणे, दागिन्यात खडा बसवणे ही कामे गारठलेल्या बोटांनी होत नाहीत आणि केलीच तर बिघडतात. म्हणून अनेक जण दुकानात भिंतीवर बसवायचा विजेचा फॅन हीटर घेतात. छोट्या दुकानाला तो सोयीचाही आहे. जमिनीवरची जागा अडत नाही, कुणाचा पाय लागून कलंडत नाही आणि मुलांचा हात पोचत नाही.

मात्र हीटर विकत घेताना आपण त्याची कंपनी, किंमत आणि रिमोट पाहतो. तो ज्या वायरवर आणि ज्या प्लगवर चालणार आहे, तिकडे पाहत नाही. आगीची सुरुवात बहुधा तिथूनच होते. दुकानात आपला माल असतो आणि गिऱ्हाइकांची अमानतही असते. लग्नसराईत टेलरकडे दहा घरांचे कपडे शिवायला पडलेले असतात. ज्यांनी विमा उतरवलेला नाही, त्यांना हे सारे नुकसान स्वतःच सोसावे लागते. म्हणून थोडे गणित समजून घेतले पाहिजे.

दोन हजार वॅटचे गणित

भिंतीवरचे बहुतेक फॅन हीटर २००० वॅटचे असतात आणि त्यांत १००० वॅटची खालची पायरी असते. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. २००० ला २३० ने भागले की ८.७ येतात. म्हणजे पूर्ण जोरावर चाललेला हीटर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. दुकानात दिव्यापंख्यांसाठी जे साधे, लहान छिद्रांचे पॉइंट असतात, ते फक्त ६ अँपिअरचे असतात. हीटरला मोठ्या छिद्रांचा १६ अँपिअरचा पॉइंटच हवा.

बाजारात एक छोटा कन्व्हर्टर मिळतो. हीटरचा जाडा प्लग त्यात घातला की तो लहान छिद्रांच्या पॉइंटमध्ये बसतो. अडचण सुटल्यासारखे वाटते, पण ६ अँपिअरच्या पॉइंटवर त्याच्या ताकदीच्या दीडपट बोजा पडतो. हीटरसाठी हा कन्व्हर्टर कधीही वापरू नये. एक्स्टेंशन बोर्डही वापरू नये.

दुसरा धोका सैल जोडाचा. स्क्रू ढिला असेल किंवा पॉइंटच्या आतली पट्टी पसरली असेल, तर त्या जागी विजेला अडथळा होतो आणि तिथे उष्णता निर्माण होते. अडथळा अवघा अर्धा ओहम असला, तरी ८.७ अँपिअरला त्या एका ठिकाणी सुमारे ३८ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ-मोबाईल दुरुस्त करणाऱ्यांची सोल्डरिंगची लहान इस्त्री साधारण २५ ते ३५ वॅटची असते. म्हणजे तशीच एक तापलेली इस्त्री तासन्‌तास स्विचबोर्डात ठेवण्यासारखे हे आहे.

अनेकांना वाटते, काही झाले तर एमसीबी पडेल. येथेच फसगत होते. एमसीबी पडतो तो वीज प्रमाणाबाहेर वाहिली तर, किंवा शॉर्ट झाला तर. सैल जोडात वीज प्रमाणाबाहेर वाहत नाही. ती नेहमीएवढीच असते, फक्त एका बिंदूवर तापत असते. एमसीबीला ते कळत नाही. ते ओळखायचे आपल्या नाकाने आणि हाताने.

हीटर घेण्याआधी

हीटर आणण्याआधी वायरमनला बोलवावे, आणि तो परवानाधारक असावा. त्याच्याकडून चार कामे करून घ्यावीत.

पहिले, मेन बोर्डापासून हीटरपर्यंत स्वतंत्र लाइन ओढावी. वायर तांब्याची, किमान २.५ चौरस मिलिमीटरची, आयएसआय चिन्हाची असावी. अंतर जास्त असेल तर ४ चौरस मिलिमीटरची घ्यावी. जुन्या बाजारपेठांतल्या काही दुकानांत अजून ॲल्युमिनियमची वायर आहे. तिला तांब्याची वायर पिळून जोडू नये. असा जोड काही काळाने सैल पडतोच.

दुसरे, या लाइनला १६ अँपिअरचा वेगळा एमसीबी असावा. टेलरच्या दुकानात १००० वॅटची इस्त्री त्याच लाइनवर लावली, तर हीटर आणि इस्त्री मिळून १३ अँपिअर होतात. त्यात आणखी एखादे यंत्र जोडले की मर्यादा ओलांडली जाते. म्हणून या लाइनवर दुसरे काही नको.

तिसरे, अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. एमसीबी वायरला वाचवतो, आरसीसीबी माणसाला वाचवतो. हीटरला तीन पिनांचा प्लग असेल तर तिसरी पिन काढून टाकू नये.

चौथे, वीज बिलावर छापलेला मंजूर भार पाहावा. तो १ किलोवॅट असेल तर २ किलोवॅटच्या हीटरसाठी वीज कंपनीकडे भार वाढवून घ्यावा लागेल.

कुठे लावू नये

फॅन हीटर हवा आत ओढतो, तापवतो आणि बाहेर फेकतो. म्हणून हवेत काय आहे, हे महत्त्वाचे. यंत्रमागाच्या शेडमध्ये, पिंजाऱ्याच्या दुकानात, गादी कारखान्यात हवेत कापसाची बारीक तूस उडत असते. ती हीटरच्या जाळीतून आत जाऊन तापलेल्या भागावर जळते. अशा ठिकाणी हा हीटर लावूच नये. फर्निचर पॉलिश, थिनर, रंग, चप्पल-बुटाचे सोल्युशन जिथे वापरतात, तिथेही नको. त्यांची वाफ पेट घेते. अत्तराच्या दुकानदारांनीही ध्यानात ठेवावे की स्प्रेच्या बाटल्यांत बहुधा अल्कोहोल असते. बाटल्या भरण्याचे काम चालू असताना हीटर बंद असावा.

दुकानाचे तोंड रस्त्यावर सताड उघडे असेल, तर गरम हवा बाहेर निघून जाते आणि बिल तेवढे वाढते. २ किलोवॅटचा हीटर तासभर पूर्ण चालला की २ युनिट. सहा तास चालला की १२ युनिट. काचेचे दार किंवा निदान जाड पडदा असेल, तरच हा खर्च वसूल होतो.

कोळशाच्या शेगडीशी तुलना केली, तर विजेचा हीटर निश्चित बरा. बंद खोलीत शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू निघतो आणि झोपेतच माणसे दगावतात. विजेच्या हीटरमधून तो निघत नाही. विजेचा हीटर हवेतला प्राणवायू जाळतो, हा समजही चुकीचा आहे. तापलेली हवा कोरडी जाणवते, म्हणून घसा सुकतो, इतकेच.

भिंतीवर जागा कशी ठरवावी

जमिनीवरच्या हीटरला पायांची आणि पडद्यांची भीती. भिंतीवरच्या हीटरला फळ्यांची आणि टांगलेल्या मालाची. कापडाच्या दुकानात तागे छतापर्यंत रचलेले असतात, टेलरकडे शिवलेले कपडे वर हँगरला लटकतात. नेमक्या त्याच उंचीवर हा हीटर येतो. म्हणून आधी मोकळी भिंत शोधावी.

हीटरची खालची कड जमिनीपासून साधारण १.८ मीटरवर, म्हणजे सहा फुटांवर असावी. छतापासून आणि दोन्ही बाजूंनी किती अंतर सोडायचे, ते हीटरच्या पत्रकात दिलेले असते. ते तंतोतंत पाळावे. समोर निदान १ मीटरपर्यंत कापड, कागद, प्लास्टिक काही नसावे. भिंत विटांची किंवा काँक्रीटची हवी. प्लायवूडच्या पार्टिशनवर किंवा पोटमाळ्याच्या फळीवर हीटर लावू नये. विजेचा पॉइंट हीटरच्या नेमका वर नसावा आणि गरम हवेच्या झोतातही नसावा. तो बाजूला घ्यावा.

भोक पाडण्याआधी भिंतीतून वायर गेली आहे का, हे पाहावे. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल मारू नये. पेटीत मिळालेला कागदी नमुना भिंतीला लावून खुणा कराव्यात, लेव्हल पाहावी, गट्टी ठोकून स्क्रू पक्के आवळावेत. जुन्या मातीच्या भिंतीत गट्टी धरत नसेल, तर जागा बदलावी. हीटर टांगल्यावर हाताने खाली ओढून पाहावा. तो हलता कामा नये.

रोजचा वापर

गरम हवा आपोआप वर जाते, म्हणून झोताची पट्टी खाली वळवून ठेवावी. आधी २००० वर खोली तापवावी, मग १००० वर आणावे.

बंद करताना एकदम भिंतीवरचे बटण बंद करू नये. आधी हीटरवर किंवा रिमोटवर बंद करावे. पुष्कळ हीटरांत त्यानंतर पंखा थोडा वेळ फिरून आतला भाग थंड करतो. तो थांबला की भिंतीवरचे बटण बंद करावे. नुसते रिमोटने बंद केलेले यंत्र पूर्ण बंद नसते. वीज हीटरपर्यंत आलेलीच असते.

नमाजला जाताना अर्धे शटर ओढून हीटर तसाच चालू ठेवण्याची सवय पुष्कळांना असते. थंडीत अस्र आणि मगरिब दोन्ही धंद्याच्या वेळेतच येतात. मागे माणूस नसेल तर दहा मिनिटांसाठीही हीटर चालू ठेवू नये. परत आल्यावर वजूच्या ओल्या हातांनी बटणाला हात लावू नये. रात्री कारागीर दुकानात झोपत असतील, तर झोपण्याआधी हीटर बंद झालाच पाहिजे. त्याच्यावर ओले कपडे वाळत घालू नयेत.

पंधरा दिवसांतून एकदा प्लग काढून, हीटर थंड असताना, जाळीवरची धूळ ब्रशने झाडावी. तेव्हाच प्लगच्या पिना पाहाव्यात. पिन काळवंडली असेल, पॉइंटचे प्लास्टिक पिवळे पडले असेल किंवा मऊ झाले असेल, जळका वास येत असेल, प्लग हाताला चटका देत असेल, तर त्याच क्षणी हीटर बंद करावा आणि पॉइंट बदलावा. प्लग थोडा कोमट होणे चालते. चटका बसणे चालत नाही.

हीटर वारंवार आपोआप बंद पडत असेल, तर पंखा अडकला आहे किंवा हवेची वाट बुजली आहे. आत एक कटआउट असतो. यंत्र जास्त तापले की तो वीज तोडतो. काही दुरुस्तीवाले हा कटआउट काढून यंत्र ‘डायरेक्ट’ करून देतात. असे कुणालाही करू देऊ नये. हीटरमध्ये तुम्हाला वाचवणारा तो शेवटचा पहारेकरी आहे.

एवढे करूनही आग लागलीच, तर प्रथम मेन स्विच बंद करावा. चालू विजेवर पाणी ओतू नये. कार्बन डायऑक्साइडचा किंवा एबीसी पावडरचा छोटा सिलिंडर दाराजवळ टांगलेला असावा आणि तो दुकानातल्या प्रत्येकाला वापरता यावा. अग्निशमन दलाचा क्रमांक १०१ आहे.

स्वतंत्र लाइन, एमसीबी, आरसीसीबी आणि वायरमनची मजुरी हा खर्च काहींना हीटरच्या किमतीइतका जड वाटेल. पण हीटर चार-पाच हिवाळे चालतो, आणि चांगली लाइन त्याच्याही नंतर वर्षानुवर्षे कामाला येते. ज्यांना हा खर्च यंदा झेपत नाही, त्यांनी हीटरची खरेदी एक हिवाळा पुढे ढकलावी, पण जुन्या पॉइंटवर तो चालवू नये.