मशीन 97 दाखवतंय, तरी दम का लागतो?



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक वहिनी बऱ्याच दिवसांनी आल्या. न्यूमोनिया झाला म्हणून त्या आयसीयूत होत्या. बारा दिवस व्हेंटिलेटरवर. घरी येऊन पाच आठवडे झाले होते, तरी दोन पायऱ्या चढल्या आणि धाप लागून दारातच बसल्या. सोबत सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, "बोटाला लावायचं मशीन 97 दाखवतंय. डॉक्टर म्हणाले, फुप्फुस साफ झालंय. मग हिला साधी कळशी का उचलवत नाही?" वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

आम्हालाही उत्तर देता आलं नाही. म्हणून आम्ही दोघीजणी त्यांच्याबरोबर फिजिओथेरपी विभागात गेलो. तिथं समजलं ते आज सांगतो.

फुप्फुस स्वतः हवा ओढत नाही. छाती आणि पोट यांच्या मधे घुमटासारखा एक पातळ स्नायू असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. तो खाली सरकला की हवा आत येते. मिनिटाला 12 ते 20 वेळा, रात्रंदिवस त्याचं काम चालू असतं. व्हेंटिलेटर लावला की ते काम मशीन करतं. जीव वाचवायला ते लागतंच. पण प्लास्टर काढल्यावर हात कसा बारीक झालेला दिसतो? तसंच इथं होतं. फरक एवढाच, की श्वासपटल दोन-तीन दिवसांतच अशक्त व्हायला लागतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

आता त्या 97 चं. ते मशीन रक्तातला ऑक्सिजन मोजतं, स्नायूची ताकद मोजत नाही. बसल्या जागी ऑक्सिजन पुरतो, पण काम केलं की अशक्त स्नायू लवकर थकतो. म्हणून आकडा चांगला असला तरी धाप खरी असते. ते नाटक नाही आणि आळसही नाही.

ही ताकद हळूहळू परत येते. कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला कित्येक महिने. घरी एवढं करता येतं:

धाप लागली की बसा, थोडं पुढे वाका, हात मांडीवर किंवा टेबलावर टेका. नाकानं श्वास घ्या आणि फुंकणीनं चूल फुंकताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडा. जोर लावू नका.

रोज थोडं चाला. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं तर थांबा. कामं वाटून घ्या, भाजी बसून चिरा. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे रोजच्या जेवणात असू द्या. स्नायू त्यावरच भरतो.

श्वास ओढताना अडथळा देणारं एक छोटं उपकरणही असतं, त्यानं श्वासाच्या स्नायूंना व्यायाम होतो. पण ते फिजिओथेरपिस्टना विचारूनच वापरायचं. आयसीयूतून घरी सोडताना "श्वासाचे व्यायाम कोणते?" हे आवर्जून विचारा.

उताणं झोपल्यावर दम वाढत असेल, किंवा पाणी पिताना ठसका लागत असेल, तर डॉक्टरांना लवकर दाखवा. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, अचानक एका पायाला सूज किंवा गुंगी आली तर वाट पाहू नका, 108 ला फोन करा.

परत येताना सासूबाई गाडीत गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी वहिनींच्या घरचं पाणी त्यांच्या मुलानं भरलं. वहिनी आता दारापासून देवळापर्यंत चालतात, मधे एकदा बसतात. आम्हीही त्यांच्याबरोबर बसतो.

तुमच्या शेजारी आयसीयूतून कुणी घरी आलं असेल, तर त्या घरात एवढं नक्की सांगा.