मुक्या जिवांविषयी करुणा
संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) मुलीच्या बारशाला मद्य-मांसाची रूढी मोडून गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रुष्ट झाले. बाबा ढळले नाहीत. पुढे कीर्तनांतून त्यांनी नवसाच्या पशुहत्येला आणि ऋण काढून सण करण्याला विरोध केला. कारण एकीत मुका जीव जातो, तर दुसऱ्यात कुटुंबाची झोप.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार जनावरांवर अतिभार लादणे हा गुन्हा आहे. धर्मरीतीनुसार होणारा वध मात्र त्यातून वगळलेला आहे. तथापि १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. म्हणून जेथे कायदा थांबतो, तेथे शिक्षक व पंचायत सदस्यांचे लोकशिक्षण सुरू व्हावे. पुरणाच्या नैवेद्यानेही नवस फिटतो आणि मनही निवांत राहते.