मेरफाल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ॲम्स्टरडॅमच्या नैऋत्येस असलेल्या हूफडॉर्प गावी स्थायिक झालेल्या मराठी माणसास, गावाला वेढणाऱ्या कालव्यात मनुष्याहून लांब वाढणारा मिशाळ मासा राहतो, असे कोणी सांगितल्यास त्यात अतिशयोक्ती नाही. मात्र डच लोक ज्याला मेरफाल म्हणतात, त्या माशाविषयी प्रचलित असलेल्या कित्येक समजुती तपासून घेण्याजोग्या आहेत.

गैरसमज १: मासा एक तर गोड्या पाण्याचा, नाही तर खाऱ्या पाण्याचा.

वस्तुस्थिती: गोड्या पाण्यात माशाच्या अंगात पाणी सतत झिरपत असते, ते मूत्रावाटे बाहेर टाकून, गमावलेले क्षार त्याला कल्ल्यांनी परत मिळवावे लागतात. मचूळ पाण्यात शरीर व सभोवताल यांच्या खारेपणातील अंतर कमी होत असल्यामुळे हा व्यवहार उलट सुलभ होतो. म्हणूनच मेरफाल मुख्यतः संथ नद्या व सरोवरे यांचा रहिवासी असूनही बाल्टिक आणि कास्पियन समुद्रांच्या मचूळ भागांतही आढळतो. महासागराचा पूर्ण खारेपणा मात्र त्याला सोसत नाही. खुद्द हूफडॉर्पचे पाणीही निव्वळ गोडे नाही: तेथील जमीन समुद्रसपाटीहून सुमारे चार मीटर खाली असल्याने भूगर्भातील जुने खारे पाणी तेथील चरांत वर झिरपते, आणि शेतीसाठी बाहेरचे गोडे पाणी आत सोडून त्याचा बंदोबस्त करावा लागतो.

गैरसमज २: त्याच्या मिशा डंख करतात.

वस्तुस्थिती: वरच्या जबड्यावरील दोन लांब व हनुवटीखालील चार आखूड मिशा ही स्पर्शाची व चवीची इंद्रिये असून, डोळे बारीक असलेल्या या खवलेविरहित निशाचराला गढूळ पाण्यात भक्ष्याचा माग त्यांच्यामुळे लागतो. डंखाची धास्ती बाळगायची, तर ती कोकणच्या खाडीतील शिंगाळा या मिशाळ माशाची बाळगावी; पण त्याचेही शस्त्र मिशा नसून पाठीवरचा एक व छातीच्या परांचे दोन असे दातेरी, विषारी काटे होत, आणि म्हणूनच जाणता कोळी ते आधी मोडून टाकतो.

गैरसमज ३: हा केवळ क्रूर, नरभक्षक प्राणी आहे.

वस्तुस्थिती: मासे, बेडूक, झिंगे आणि प्रसंगी पाणपक्षी हा त्याचा आहार. फ्रान्समधील आल्बी येथे तार्न नदीच्या काठावर झेपावून तो कबुतरे पकडतो, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले गेले. तेथेही चार झेपांपैकी जेमतेम एक सफल होत असे. उलटपक्षी, मादीने घातलेल्या अंड्यांवर पिल्ले बाहेर येईपर्यंत पहारा देतो तो नरच. शिंगाळ्याचा नर तर अंडी तोंडातच सांभाळतो आणि त्या काळात उपाशी राहतो.

गैरसमज ४: मेरफाल हा परमुलखातून घुसलेला उपरा आहे.

वस्तुस्थिती: स्पेनमधील एब्रो नदीपुरता हा आरोप रास्त आहे, तेथे माणसानेच १९७४ साली त्याला आणून सोडले. हूफडॉर्पच्या इतिहासाची साक्ष मात्र उलट आहे. ज्या सुमारे १८,००० हेक्टरांच्या हारलेमरमेर सरोवराच्या तळावर हे गाव वसले आहे, ते सरोवर म्हणजे नेदरलँड्समधील मेरफालचे जुने वतनच होते. १८३६ च्या वादळांत त्याचे पाणी ॲम्स्टरडॅम व लायडन या शहरांच्या वेशीला भिडले, तेव्हा सरकारने ते आटवण्याचे ठरवले. सभोवार सुमारे ६० किलोमीटरांचा कालवा खणण्यात आला, आणि वाफेच्या तीन प्रचंड पंपगृहांनी १८४९ ते १८५२ या काळात सारे सरोवर उपसून काढले. पुढच्याच वर्षी गाव स्थापन झाले; वतन गमावलेल्या माशाचे वंशज आल्समेरनजीकच्या वेस्टआइंडर जलाशयात तग धरून राहिले.

१९७९ च्या बर्न करारात संरक्षणीय प्राण्यांच्या यादीत बसलेला हाच मासा स्पेनच्या कायद्याने आक्रमक परकीय ठरला आहे, आणि हे दोन्ही निवाडे आपापल्या हद्दीत योग्यच आहेत. कारण उपरेपणा हा माशाच्या जातीचा गुण नसून तो कोणत्या पाण्यात, कोणाच्या हाताने पोहोचला यावर अवलंबून असतो. हूफडॉर्पपुरते बोलायचे तर तेथे मासा आधीचा, आणि गाव नंतरचे.