घराबाहेर पडताना (भाग ११) : काचेचा कोपरा

औषधांच्या पुडीबद्दल या रविवारी लिहीन असं म्हटलं होतं. ती पुडी आणखी एक आठवडा थांबेल. मधल्या काळात मेहकरहून एका ताईंचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न मागे ठेवणं मला बरं वाटेना.

ताईंचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे. दोन-तीन आठवड्यांनी घरी येतो आणि रविवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं परत जातो. मेहकर, चिखली, बुलढाणा, देऊळगाव राजा, कुठूनही रविवारी रात्री आपल्या जिल्ह्याची तरुण पोरं अशीच पुण्याला निघतात. पिंपळखुट्याच्या अपघातानंतर ताईंनी बाजारातून एक हातोडी आणली, खिळे ठोकतात तसली. ती मुलाच्या बॅगेत कपड्यांखाली ठेवतात आणि मुलगा ती गुपचूप काढून ठेवतो. ‘आई, कायले एवढी घाबरते?’ म्हणतो. ताईंनी विचारलंय, ‘भाऊ, तुम्हीच सांगा, ठेवू की नको?’

ताई, तुमची काळजी रास्त आहे, पण हातोडी चुकीची आहे. शिवाय ती बॅगेत आहे आणि बॅग डिक्कीत आहे. म्हणजे वेळ आली तर ती कुणाच्याच हाताला लागणार नाही.

१ जुलै २०२३ ची ती रात्र आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगावी लागत नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस रात्री दीडच्या सुमारास सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर आधी खांबाला आणि मग दुभाजकाला धडकली, उलटली आणि पेटली. गाडीत ३३ जण होते, त्यातले २५ गेले. मृतदेहांची ओळख पटवणं अशक्य झालं आणि दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. गाडी का उलटली, टायर फुटलं की डुलकी लागली, यावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. मला त्यातली वेगळीच गोष्ट इतकी वर्षं सोडत नाही. गाडी डाव्या अंगावर पडली होती. आपल्याकडे बसचा दरवाजा डाव्या बाजूला असतो, म्हणजे तो जमिनीखाली दाबला गेला. जे आठ जण वाचले, त्यातले काही जण खिडकीची काच फोडून बाहेर आले.

म्हणून आजचा सगळा भाग काचेवर. एसटीच्या कार्यशाळेत माझी उमेदीची वर्षं गेली आणि तिथे इंजिनाइतकंच प्रेम मला काचेवर जडलं, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

बसच्या बाजूच्या खिडक्यांना बहुधा टफन काच असते. साधी काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि बाहेर काढल्याबरोबर दोन्ही अंगांनी थंड हवेचा जोरदार झोत मारतात. वरचा पापुद्रा आधी गार होऊन घट्ट बसतो, आतला भाग मागाहून आक्रसतो. त्यामुळे काचेचं बाहेरचं अंग कायमचं दाबाखाली राहतं आणि आतलं अंग कायमचं ताणलेलं. सतराव्या शतकात युरोपात वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकून एक चमत्कार दाखवत. इंग्लंडमध्ये तो प्रिन्स रुपर्टच्या नावानं गाजला. थेंबाच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटायचा नाही, पण शेपटी चिमटीत मोडली की अख्ख्या थेंबाचा भुगा व्हायचा. तुमच्या सीटशेजारची काच हे त्याच थेंबाचं सपाट रूप आहे.

यातून कामाची गोष्ट निघते ती अशी. टफन काचेला रुंद तोंडाचा मार फारसा लागत नाही. तिला हवं असतं बारीक, कठीण टोक, जे वरचा दाबलेला पापुद्रा भेदून आतल्या ताणापर्यंत पोचेल. तेवढं झालं की पुढचं काम काच स्वतःच करते. आणि हा घाव मध्यावर घालायचा नसतो. मधोमध काच किंचित लवते आणि मार पचवते. कोपऱ्याजवळ, कडेपासून तीन-चार बोटं आत, ती चौकटीत जखडलेली असते, तिथे तिला लवायला जागा नसते.

हे नुसतं लिहून पटत नाही म्हणून मागे एकदा चिखलीच्या एका भंगारवाल्याकडून जुन्या बसची चौकटीसकट खिडकी आणली आणि शेजारच्या चार पोरांना अंगणात बोलावलं. सगळ्यांच्या डोळ्यांना चष्मे, हातात जाड मोजे, पायात बूट. पहिल्यानं गोल दगड घेऊन मधोमध मारला. दगड उसळून अंगणात गडगडत गेला, काचेवर पांढरा ठिपकासुद्धा उमटला नाही. दुसऱ्यानं खिळ्यांच्या हातोडीचं सपाट तोंड मध्यावर तीनदा हाणलं. काच नुसती थरथरली. मग बारावीत शिकणाऱ्या एका मुलीच्या हातात मी बसमधली लाल हातोडी दिली. तिचं डोकं बोराएवढं, पण टोक सुईसारखं. तिनं खालच्या डाव्या कोपऱ्यात एकच ठोका दिला, तोही घाबरत. कट् असा आवाज झाला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सबंध काच दुधासारखी पांढरी झाली. तिनं कोपरानं ढकललं तसे खडीसाखरेएवढे खडे भुरभुरत पायाशी पडले. जो मुलगा हातोडी हाणून दमला होता, तो त्या खड्यांकडे किती तरी वेळ बघत राहिला. अंगात बळ किती, याचा इथे प्रश्नच येत नाही.

एक सावधगिरी. सगळ्या काचा टफन नसतात. पुढची मोठी काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा. तिला कितीही ठोका, कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतील, पण भोक पडणार नाही. काही नव्या गाड्यांना बाजूलाही अशी काच बसवतात. ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात कंपनीचा बारीक शिक्का असतो आणि त्यात काचेचा प्रकार इंग्रजीत छापलेला असतो. सीटवर बसल्यावर मोबाईलच्या उजेडात तो वाचायला अर्धं मिनिटही लागत नाही. काचेवर काळी फिल्म असली तर फुटलेले खडे तिला चिकटून राहतात. मग काच फुटल्यावर पाय जुळवून लाथ मारावी लागते.

जुन्या गाड्यांची पुढची काच कशी बसवायचे ते सांगायचा मोह आवरत नाही. रबराच्या खाचेत सुतळी घालायची, काच बाहेरून टेकवायची आणि आतल्या माणसानं सुतळीचं टोक ओढत ओढत रबराचा ओठ चौकटीच्या कडेवर चढवायचा. काढताना आत पाठ टेकून बसायचं आणि दोन्ही तळपाय वरच्या कोपऱ्यावर रोवून रेटा द्यायचा. काच न फुटता रबरासकट बाहेर येते, मी शेकडो वेळा केलंय. पण आताच्या पुष्कळ गाड्यांत ती काच गोंदानं चिकटवलेली असते आणि असा रेटा तिथे चालत नाही. म्हणून पुढच्या काचेवर भिस्त ठेवू नका. धडकेत ती आधीच निखळली असेल, तर मात्र तोच सगळ्यात मोठा दरवाजा.

आता उलटलेल्या गाडीचा विचार करू. आपण सराव करतो तो उभ्या गाडीचा, आणि इथेच घात होतो. बसची रुंदी २.६ मीटरपर्यंत असते. गाडी डाव्या कुशीवर पडली की उजव्या खिडक्या डोक्यावर साडेआठ फुटांवर जातात, आणि धूरही तिथेच साठतो. सीटच्या नाहीतर बर्थच्या कडांवर शिडीसारखा पाय देत वर चढावं लागतं. काच फोडताना मान खाली घालायची आणि डोक्यावर पांघरूण ओढायचं, कारण खडे अंगावरच येणार. मग तेच पांघरूण चौकटीच्या कडेवर टाकून बाहेर निघायचं. पण त्याआधी दोन वाटा बघाव्यात, ज्या माणसाला घाबरलेल्या अवस्थेत सुचत नाहीत. एक मागची काच. ती आडव्या गाडीतही उभीच राहते. दुसरी छतावरची झडप. गाडी उभी असताना ती डोक्यावर असते, पण गाडी आडवी झाली की छताची भिंत होते आणि मधोमध बसवलेली झडप तुमच्या छातीच्या उंचीवर येते. नुसतं ढकलून बाहेर पाऊल टाकता येतं. हे एकदा कागदावर खोकं काढून घरातल्या मुलांना दाखवा, त्यांना लगेच कळतं.

लाल एसटीत उजव्या बाजूला मागे ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ लिहिलेला दरवाजा आपण सगळ्यांनी लहानपणी अक्षर जुळवत वाचलेला आहे. त्याचं हॅण्डल कुठल्या बाजूला फिरतं, हे किती जणांना सांगता येईल? कार्यशाळेत आमच्या उस्तादांचा दंडक होता की गाडी बाहेर काढण्याआधी ते हॅण्डल हातानं फिरवून बघायचं. ग्रीस आहे का, एवढं डोळ्यांनी बघून चालायचं नाही.

बस बांधणीच्या नियमावलीत, एआयएस-०५२ मध्ये, फोडून बाहेर पडायची खिडकी असेल तर ती फोडायचं साधन तिच्या शेजारीच असावं असं म्हटलेलं आहे. शेजारीच, हा शब्द महत्त्वाचा. मागच्या वर्षी मी स्वतः एका रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेलो. खिडक्यांच्या मधल्या पट्टीवर हातोडीच्या कड्या होत्या, त्यावर सूचनांचे स्टिकरही होते. कड्या रिकाम्या. क्लीनरला विचारलं तर म्हणाला, ‘काका, लोक चोरून नेतात, म्हणून केबिनमध्ये पेटीत ठेवल्यात.’ पेटीला कुलूप होतं. मागच्या आपत्कालीन खिडकीपुढे पार्सलचे खोके रचलेले होते. मी आवाज चढवला नाही. बसल्या जागी सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल असं फक्त सांगितलं की दोन हातोड्या इथे लागल्याशिवाय मी उतरणार नाही आणि गाडी सुटू देणार नाही. आधी दोघे हसले, मग एक आजोबा माझ्या बाजूनं बोलले, मग सगळी गाडीच बोलायला लागली. पाच मिनिटांत हातोड्या लागल्या आणि खोके डिक्कीत गेले. हातोडी चोरणाऱ्यालाही मला सांगायचंय की बाबा रे, ती घरी नेऊन तुझा एकही खिळा ठोकला जाणार नाही.

तर ताई, मुलाला काय द्यायचं? बाजारात आता किल्लीच्या कडीत अडकवायचा छोटा काच-फोड मिळतो. आत स्प्रिंग असते. टोक कोपऱ्यावर टेकवून दाबलं की ती स्वतःच ठोका देते, हात उगारायला जागा नसली तरी चालतं. तो घ्या. त्यालाच शिट्टी आणि छोटी बॅटरी जोडा. हे सगळं पँटच्या खिशात राहील, बॅगेत नाही, उशाखाली नाही, समोरच्या जाळीतही नाही. गाडी उलटते तेव्हा जाळीतल्या वस्तू सगळीकडे उधळतात. बूट पायातच, नाडी सैल करून ठेवलेले, काचांवर अनवाणी चालायची वेळ येऊ नये म्हणून. मोबाईलवर फिरणारा सीटच्या डोक्याचा सल्ला, म्हणजे हेडरेस्ट उपसून त्याच्या दांड्यांनी काच फोडायची, तो बससाठी तरी विसरा. बसचं हेडरेस्ट बहुधा सीटलाच शिवलेलं असतं. ओला रुमाल नाकाला लावा, त्यानं काजळी अडते. विषारी वायू अडत नाही, त्यामुळे रुमालाच्या भरवशावर गाडीत थांबू नका.

आणि एक बिनपैशाचं काम. गाडीत चढताना नंबर प्लेटचा फोटो आणि आपला सीट नंबर घरच्या एका माणसाला पाठवायचा. मग सीटवर बसून तीन गोष्टी: जवळची हातोडी कुठे, आपत्कालीन खिडकी माझ्यापासून किती सीट पुढे किंवा मागे, झडप कुठे. सीट हातानं शिवून मोजायच्या. धुरात आणि अंधारात डोळे कामाला येत नाहीत, मोजलेलं येतं. समृद्धीवर चॅनेज नंबर, म्हणजे रस्त्याकडेचा किलोमीटरचा आकडा, वाचून १०८ ला जागा कशी सांगायची, ते चौथ्या भागात आलंच आहे.

तुमचा मुलगा हातोडी काढून ठेवतो, कारण त्याला त्या हातोडीत फक्त आईची भीती दिसते. त्याला एकदा भंगारातली काच फोडायला द्या. माझ्या अंगणात अजून एक खिडकी शिल्लक आहे, त्याला पाठवलंत तर मला आनंदच होईल.

पुढच्या रविवारी नक्की औषधं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तोवर मातीची दोन लहान मडकी, एकात दुसरं बसेल अशी, मिळवून ठेवावीत. घाटाखालच्या उन्हात त्यांचा फार उपयोग आहे.

आणि या आठवड्यात जे कुणी रात्रीच्या गाडीनं जातील, त्यांनी खिडक्यांच्या कड्या मोजाव्यात आणि हातोड्याही मोजाव्यात. मालकाचं नाव नको, गाडीचा नंबर नको. किती कड्या आणि किती हातोड्या, एवढे दोनच आकडे पोस्टकार्डावर लिहून मला पाठवा.