श्वानाची जात आणि डी. एन. ए. चाचणी

लालबागहून उत्तरेकडे थोडे अंतर गेले की परळ येथे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे आवार लागते. या संस्थेची स्थापना १८८६ साली झाली. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयही याच परिसरात आहे. एके काळी या भागातील पशुवैद्यकांपुढे प्रामुख्याने गाड्या ओढणारे घोडे आणि बैल येत. पुढे गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या शेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या आणि घरात पाळलेल्या कुत्र्यांची संख्या वाढली. त्याबरोबर एक नवा प्रश्नही आला. हजारो रुपये मोजून आणलेले पिल्लू खरोखरच अस्सल जातीचे आहे काय?

रूप फसवे असते

आजवर या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी दिले जात असे. कान, शेपटी, केस व रंग पाहून जात सांगितली जाई. तथापि ही पद्धत भरवशाची नाही. कुत्र्याच्या केसांचे बहुतेक प्रकार अवघ्या तीन जनुकांमधील फरकांनी ठरतात, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळून आले. कुत्र्याच्या शरीरात मात्र सुमारे वीस हजार जनुके असतात. साहजिकच, काळ्या आखूड केसांचे संकरित पिल्लू हुबेहूब लॅब्रॅडॉरसारखे दिसू शकते. उलट, एकाच आईची पिल्ले परस्परांहून अगदी भिन्नही दिसू शकतात.

चाचणी कशी होते?

कुत्र्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून व दुसरे वडिलांकडून येते. या गुणसूत्रांतील डी. एन. ए. वर ठिकठिकाणी अशा खुणा असतात, की ज्या कुत्र्यागणिक बदलतात. कापसाचा बोळा गालाच्या आतील बाजूस फिरवून किंवा थोडे रक्त घेऊन प्रयोगशाळेत या खुणा वाचल्या जातात.

त्यानंतर दोन प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे मिळू शकतात. पहिला प्रश्न पालकत्वाचा. पिल्लू, त्याची आई आणि सांगितलेला नर या तिघांचे नमुने उपलब्ध असल्यास हे उत्तर जवळजवळ निर्णायक असते. पिल्लात आढळणारी प्रत्येक खूण त्या दोघांपैकी एकाकडे असलीच पाहिजे. दुसरा प्रश्न जातीचा. येथे पिल्लाच्या खुणा निरनिराळ्या जातींच्या ज्ञात कुत्र्यांच्या संग्रहाशी ताडून पाहिल्या जातात. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २००४ साली ८५ जातींच्या ४१४ कुत्र्यांच्या ९६ खुणा तपासल्या. केवळ खुणांवरून ९९ टक्के कुत्र्यांची जात बिनचूक ओळखता आली. पुढच्याच वर्षी बॉक्सर जातीच्या एका मादीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि या विद्येला भक्कम पाया लाभला.

मर्यादा कोणत्या?

चाचणी ही तुलना आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ज्या जातीचे नमुने संग्रहातच नाहीत, ती जात अहवालात येऊ शकत नाही. अशा वेळी दुसऱ्याच एखाद्या जवळच्या जातीचे नाव पुढे येण्याचा संभव असतो. शिवाय पूर्वजांचा वाटा पिढीगणिक निम्मा होतो. आई-वडिलांचा प्रत्येकी ५० टक्के, आजा-आजीचा सरासरी २५, त्यामागच्या पिढीचा १२.५ व त्याही मागच्या पिढीचा ६.२५ टक्के. म्हणून फार पूर्वी झालेला संकर हाती लागेलच, असे नाही.

महत्त्वाची बाब अशी, की 'शुद्ध जात' ही मुळात नोंदवहीतील संज्ञा आहे. पिढ्यान् पिढ्या नोंदलेल्या आई-वडिलांची संतती ती शुद्ध, असा तिचा अर्थ. डी. एन. ए. चाचणी त्या नोंदीचा खरेखोटेपणा पडताळू शकते, नोंदीची जागा मात्र घेऊ शकत नाही.

दख्खनचे शिकारी कुत्रे

आपल्याकडील उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लातूर, सोलापूर या भागात सडपातळ बांध्याचा, वेगवान कारवानी कुत्रा शतकानुशतके पाळला जातो. सीमेपलीकडे, घोरपडे घराण्याच्या पूर्वीच्या मुधोळ संस्थानात जोपासलेला मुधोळ कुत्रा त्याच्यासारखाच दिसतो. या दोन जाती आहेत की एकाच जातीची दोन नावे, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने मुधोळ जातीची नोंद केली आहे, तर कर्नाटकात तिम्मापूर येथे तिच्या जोपासनेसाठी केंद्र आहे. कारवानी कुत्र्याविषयीचा प्रश्न चाचणीने सुटू शकेल. परंतु त्यासाठी गावोगावच्या जातिवंत कुत्र्यांचे नमुने आणि त्यांच्या आई-वडिलांची लेखी माहिती आधी जमली पाहिजे. ती माहिती आज बहुतांशी पाळणाऱ्यांच्या स्मरणातच आहे.

कायदा आणि प्रशासन

जातीचा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र शासनाने २३ जातींच्या आणि त्यांच्या संकरित कुत्र्यांवर निर्बंध घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठविले. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द ठरविले. परंतु अशा प्रसंगी अधिकाऱ्यापुढे उभा राहणारा पेच यातून स्पष्ट झाला. एखादा कुत्रा अमुक जातीचा किंवा तिचा संकर आहे, हे ठरवायचे कशावरून? नुसत्या रूपावरून निर्णय घेतल्यास निरपराध जनावरावर व त्याच्या मालकावर अन्याय होऊ शकतो. शिवाय जातीवरून स्वभावाचे भाकीत करणेही धोक्याचे आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, कुत्र्याकुत्र्यांच्या वर्तनातील फरकांपैकी सुमारे ९ टक्केच फरक जातीमुळे पडतात.

कुत्र्यांची पैदास व विक्री यांसाठी २०१७ चे नियम लागू आहेत. पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक असून आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. म्हणून पिल्लू घेणाऱ्याने प्रथम नोंदणीपत्र पाहावे, आई प्रत्यक्ष दाखविण्याचा आग्रह धरावा, वंशावळीचा कागद मागावा आणि शंका राहिल्यास पालकत्वाची चाचणी करून घ्यावी.

ग्रामपंचायती, शाळा व पशुवैद्यकीय दवाखाने यांनी आपल्या भागातील कारवानी कुत्र्यांची साधी वही ठेवली, तरी प्रयोगशाळेचे निम्मे काम होईल. आणि चाचणीत 'संकरित' ठरलेल्या कुत्र्यालाही रेबीजची लस, वेळेवर अन्न व मायेचा हात यांची गरज जातिवंताइतकीच असते, हे मुलांना शिकविणे तितकेच अगत्याचे आहे.