साठ कोटी स्फोट सोसलेला छोटा हत्ती

पिंपरीजवळच्या चिखलीतल्या देहू-आळंदी रस्त्यावर सकाळच्या गर्दीत जुने ‘छोटे हत्ती’ हमखास दिसतात. हौदा चेपलेला, पाटे बसलेले, किलोमीटरचा काटा कधीच थांबलेला. तीन हात फिरून स्वस्तात आलेली अशी गाडी आजही पाऊण टन माल ओढते. हे तिला जमतं कसं?

आधी एक हिशेब मांडू. गाडी ३ लाख किलोमीटर चालली, सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर धरला, तर इंजिन १०,००० तास फिरलं. मिनिटाला २,००० फेरे धरले तर एकूण १२० कोटी फेरे झाले. दर दोन फेऱ्यांना एक, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये ६० कोटी स्फोट!

या इंजिनाचं कूळही इथलंच. टाटा मोटर्सने २००५मध्ये ‘एस’, म्हणजेच हा छोटा हत्ती, बाजारात आणली, ती पिंपरीच्या कारखान्यातून. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने त्यासाठी ‘इंडिका’चं १,४०५ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन जणू अर्धं केलं: दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ अश्वशक्ती. एवढ्याशा ताकदीवर अख्ख्या संसाराचं सामान हलतं.

त्यातली आग तर आणखी नवलाची. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. दट्ट्या हवेला वीसपटीहून जास्त दाबतो आणि नुसत्या दाबाने ती ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते. तीत डिझेलचा फवारा आला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७मध्ये ऑग्सबर्गला सिद्ध करून दाखवलेलं तत्त्व चिखलीच्या गल्लीत रोज पहाटे कामाला लागतं.

म्हणजे सगळा खेळ दाब टिकवण्याचा, आणि तोही मायक्रॉनच्या मापात. फिरता क्रँक आपल्या बेअरिंगला जवळजवळ टेकतच नाही; मध्ये काही मायक्रॉन जाडीचा ऑइलचा पापुद्रा त्याला तोलून धरतो. इंधन पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात फट असते जेमतेम २-३ मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा! सिलिंडर दोन-तीन केसांच्या जाडीइतका झिजला, की मिस्त्री सांगतो, ‘कॉम्प्रेशन गेलंय, बोअर करावं लागेल.’ लाखो किलोमीटरांनी नेलेलं लोखंड एवढंच. पण तेवढ्याने दाब गळतो, हवा पुरेशी तापत नाही आणि गाडी सकाळी लवकर चालू होत नाही.

बिघाड आधी खुणा देतो. काळा धूर म्हणजे डिझेल अर्धवट जळतंय. एअर फिल्टर आणि नोझल तपासा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. दट्ट्याच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले असतील. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. इंजिन चालू असताना ऑइलच्या झाकणातून जोराने वाफ उसळली, तर स्फोटाचा वायू रिंगांना चुकवून खाली येतोय.

म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने रंगाला भुलू नये. इंजिन थंड असतानाच जावं, स्वतः चालू करावं, धूर पाहावा, झाकण उघडावं. घेतल्यावर ऑइल आणि डिझेल फिल्टर वेळेवर बदलावेत; बेअरिंगचा पापुद्रा आणि पंपाची ती फट त्यांच्यावरच जगते. इंजिनाचं काम पैसे साठेपर्यंत थोडं लांबवता येतं. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर मात्र एक दिवसही लांबवू नका. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागतं. ती तपासणी मनापासून करून घ्या.